लांब ट्रायथलॉनचा सराव : ‘जितकं जास्त पाणी, तितकं चांगलं’ हे खरं नाही

पहिल्या पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची (३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं) तयारी करणाऱ्यांपर्यंत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरत येतो : तहान असो-नसो, जमेल तेवढं पाणी पीत राहा.

जळगाव-धुळ्याच्या उन्हात हे पटणं साहजिक आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी कमी पडण्याचा धोका खराच. पण तासन्‌तास गरजेपेक्षा जास्त प्यायलं, की रक्तातलं सोडियमचं प्रमाण घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. प्रसंगी जिवावर बेततं. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका, तातडीने दवाखाना गाठा.

आपली गरज घरच्या वजनकाट्यावर कळते. सरावाआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा, दोन तासांच्या सायकलिंगमध्ये १ लिटर पाणी प्यायलात आणि वजन १ किलोने घटलं. म्हणजे घाम गेला साधारण २ लिटर, तासाला १. वजन उलट वाढलं असेल, तर पाणी जास्त झालं. डिसेंबरच्या पहाटे हाच आकडा वेगळा येईल, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा मोजा. आणि गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढायचा नसतो; तहान लागेल तसं प्या.