कॉफीच्या अल्पपरिचित जाती

कॉफीच्या अल्पपरिचित जाती : (कुल–रुबिएसी, प्रजाती–कॉफिया). बाजारातली जवळजवळ सगळी कॉफी अरेबिका आणि रोबस्टा या दोनच जातींची असते. कॉफिया प्रजातीत मात्र 120 हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक आफ्रिका व मादागास्करच्या रानांत वाढतात, काही रानटी जाती भारतातही आहेत. सातपुड्यातली कळंब, गेळ आणि बारतोंडी ही झाडे याच कुळातली.

दोन जातींवर विसंबलेल्या पिकाची जोखीम खानदेशच्या केळीपट्ट्यात समजावून सांगावी लागत नाही. रावेर-यावलच्या बागांतली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही नावे वेगळी, पण सगळी कॅव्हेंडिश गटातली. एका झाडाला बाधणारा रोग साऱ्या शिवाराला बाधतो. अरेबिकाचेही तसेच आहे. येमेनमधून बाहेर पडलेल्या थोड्याशा बियांपासून तिचे जगभरचे मळे उभे राहिले. 1869 मध्ये सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा पडला आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो देश कॉफी सोडून चहाकडे वळला.

त्या पडझडीत मळेवाल्यांनी लायबेरिका हाती धरली. ही पश्चिम आफ्रिकेतली, सखल व उष्ण प्रदेशातली जात. हिचे झुडूप नव्हे, चांगले उंच झाड होते. छाटणी केली नाही तर फळे तोडायला शिडी लागते. पाने रुंद व जाड, फळ मोठे, साल आणि गर दाट. त्यामुळे टोपलीभर फळांतून सुकी बी कमी निघते, आणि व्यापारात हीच तिची पडती बाजू ठरली. पुढे तांबेऱ्याने तिलाही गाठले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोबस्टाने तिची जागा घेतली. मलेशियात आणि फिलिपीन्सच्या बातांगास प्रांतात ती टिकून आहे. बातांगासमध्ये तिला बराको म्हणतात. तिच्या कपात पिकल्या फणसाचा वास येतो असे पिणारे सांगतात. भारतात तिचा अंश अरेबिकातही उतरला आहे. लायबेरिकाशी झालेल्या नैसर्गिक संकरातून आलेल्या एस. 288 या वाणाचा केंट्स वाणाशी संकर करून एस. 795 तयार झाला. कर्नाटकातल्या मळ्यांत तो आजही मोठ्या प्रमाणावर आहे. लायबेरिकाची उपेक्षा करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

एक्सेल्सा ही लायबेरिकाची जवळची नातलग. 2006 मध्ये तिला लायबेरिकाचाच प्रकार ठरवले गेले होते, अलीकडे पुन्हा स्वतंत्र जात मानण्याकडे कल आहे. रेसिमोसा मोझांबिक व दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या किनारी भागातली. कोरड्या दिवसांत ती पाने गाळून तग धरते. तिची बी बारीक असते आणि तीत कॅफीन अरेबिकापेक्षाही कमी.

सध्या सर्वांत जास्त आशा स्टेनोफायलावर आहे आणि ती रास्त आहे. काळ्या फळांची ही जात सिएरा लिओनच्या रानात 1954 नंतर कोणाला दिसली नव्हती; 2018 मध्ये ती पुन्हा सापडली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिची चव अरेबिकाच्या तोडीची आहे, आणि ती वाढते तिथले वार्षिक सरासरी तापमान सुमारे 25 अंश, म्हणजे अरेबिकाच्या प्रदेशापेक्षा सुमारे 6 अंशांनी जास्त आहे.

लागवडीत एक फरक महत्त्वाचा. अरेबिकाचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. रोबस्टा, लायबेरिका यांसारख्या इतर बहुतेक जातींना परका पराग लागतो. म्हणून एकाच झाडाच्या कलमांनी सारे रान भरले तर फळधारणा होत नाही. वेगवेगळी झाडे मिसळून लावावी लागतात आणि मधमाश्यांची मदत होते. कळ्यांना आधी कोरडा काळ आणि मग पाणी लागते. मोसंबी-लिंबाच्या बागेत ताण देऊन बहार धरणाऱ्याला हे नवे नाही. कर्नाटकात ते काम मार्च-एप्रिलचा वळवाचा पाऊस करतो, तो चुकला तर तुषार सिंचन. मुळांना सूत्रकृमींचा उपद्रव असेल तिथे रोबस्टाच्या खुंटावर अरेबिकाची कलमे बांधतात.

यांपैकी एखादी खानदेशात लावावी का? जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर नको. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, पाऊस साधारण 600 ते 700 मिमी, आणि काळी कापसाची जमीन पाणी धरून ठेवते. कॉफीला निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन व सावली लागते. स्टेनोफायलाचे 25 अंश ही वर्षाची सरासरी आहे, उन्हाळ्यातली दुपार नव्हे. सातपुड्याच्या माथ्याची गोष्ट वेगळी. याच रांगेच्या पूर्व भागात, सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला इंग्रजी अमदानीपासून कॉफी आहे. तोरणमाळची उंची जवळपास तेवढीच, तेव्हा चार-दोन जातींची झाडे सावलीत लावून काही वर्षे पाहण्यासारखी जागा खानदेशात असेल तर ती हीच.

2019 च्या एका पाहणीत 124 रानटी जातींपैकी 75 नष्ट होण्याच्या वाटेवर आढळल्या. त्या वाचवणे अवघड आहे, कारण ज्वारीचे बी कणगीत राहते तसे कॉफीचे बी राहत नाही. काही महिन्यांतच त्याची उगवण घटते. म्हणून मादागास्करात किआंजावातो येथे या जातींची जिवंत झाडेच शेतात उभी ठेवून राखली जातात.