पोलीस येईपर्यंत जखमीला हात लावायचा नाही?

अपघात झाला की बघ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "थांबा, हात लावू नका, पोलीस केस आहे." काही दवाखान्यांच्या दारातही हेच ऐकू येतं. हे साफ चुकीचं आहे, आणि या गैरसमजापायी माणसं जातात.

एका स्कूटरस्वाराला भरधाव गाडीने उडवलं. जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस म्हणून त्याला घेतलं नाही, सुमारे 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं. तो वाटेतच गेला. ही बातमी सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात निकाल लागला: आधी उपचार, मग कागद. घटनेच्या कलम 21 मधला जगण्याचा हक्क इथे लागू होतो. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं त्याचं कर्तव्यच आहे.

मग एमएलसीचं, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून होणाऱ्या नोंदीचं काय? ती नोंद रुग्णालयाने करायची आणि पोलिसांना कळवायचं. एकीकडे सलाईन चालू, दुसरीकडे नोंद, एवढं सोपं आहे ते. एफआयआरची वाट बघायची गरजच नाही.

जखमीला आणणाऱ्यालाही भ्यायचं कारण नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलं. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचार विभागात, कुणी अडवलं तर वाद घालत बसू नका. "आधी रक्तस्राव थांबवा, पोलिसांना तुम्ही कळवा," एवढं ठामपणे सांगा. नकार दिलाच, तर तो लेखी मागा आणि 108 ला फोन लावा.