चित्रित सिंफनी मैफल

नावाजलेल्या संचालकाच्या हाताखाली ऐंशी-शंभर वादकांनी वाजवलेली पाश्चात्य अभिजात संगीताची मैफल कॅमेऱ्यांनी टिपायची आणि मग थिएटर, टीव्ही, डिस्क किंवा आता इंटरनेटवरून लोकांना दाखवायची, तिला चित्रित सिंफनी मैफल म्हणतात. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुतेक वेळा चार भागांची मोठी रचना. इथे संचालक म्हणजे कंडक्टर. पण वडोदऱ्याच्या मराठी घरात नुसतं कंडक्टर म्हटलं की एस.टी.तला तिकीटवाला डोळ्यासमोर येतो आणि ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत मांडवासमोर होणारा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, त्यामुळे या नोंदीत संचालक आणि वाद्यवृंद हेच शब्द ठेवलेत.

ही मैफलीची सरळ नक्कल नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवं. हॉलमधे हजार-दोन हजारांचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला दोन तास संचालकाची पाठ दिसते, चेहरा फक्त वादकांना दिसतो. कॅमेरा वादकांच्या मधे जाऊन बसला आणि ती पाठ फिरली. या एका गोष्टीवर हा सगळा प्रकार उभा आहे असं म्हटलं तरी चालेल, कारण संचालक स्वतः एकही सूर वाजवत नाही, त्याचं सगळं काम डोळे, भुवया, डावा हात आणि छडीत असतं आणि ते बघायची सोय प्रेक्षकाला आधी नव्हतीच.

सुरुवात मूकपटाच्या काळातच झाली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ऑस्कर मेस्टर या जर्मन निर्मात्यानं आर्थर निकिशसारख्या बड्या संचालकांना समोरून चित्रित केलं, फिल्मला आवाज नाही, तर थिएटरात खरा वाद्यवृंद बसवायचा आणि त्यानं पडद्यावरच्या माणसाकडे बघून वाजवायचं! कल्पना भारीच होती, पण पडद्यावरचा माणूस काही वादकांसाठी थांबत नाही. बोलपट आल्यावर 1940 साली डिस्नेच्या 'फँटेशिया'त संचालक लिओपोल्ड स्टोकॉव्स्की सावलीसारखा उभा राहून मिकी माउसशी हात मिळवताना दिसला. टीव्हीवर 20 मार्च 1948 ला इटालियन संचालक आर्तुरो तोस्कानिनी आला, वय 80, एनबीसी या अमेरिकन वाहिनीचा स्टुडिओ आणि सगळा कार्यक्रम वाग्नर या जर्मन संगीतकाराचा. गंमत म्हणजे त्याच दिवशी साधारण दीड तास आधी सीबीएस या दुसऱ्या वाहिनीनं यूजीन ऑर्मंडी आणि फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद दाखवून पहिला नंबर मारला होता. तोस्कानिनीचे असे एकूण 10 कार्यक्रम 1952 पर्यंत झाले, चित्र धुरकट आहे, पण म्हाताऱ्याची नजर बघायची असेल तर तेवढं पुरतं.

या प्रकाराचा खरा धनी मात्र हर्बर्ट फॉन कारायान (1908 ते 1989). बर्लिन फिलहार्मोनिकचा हा संचालक मुळात रेकॉर्डिंगचा वेडा, 1965 मधे त्यानं आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाला धरलं, म्हणजे थरारपट काढणारा माणूस, आणि दोघांनी मिळून शूमान या संगीतकाराची चौथी सिंफनी वगैरे चित्रित केल्या, ज्यात सिंफनीबरोबर तालीमही आहे. मग ह्यूगो नीबलिंगनं बीथोव्हनची सहावी सिंफनी केली, त्यात प्रकाश, सावल्या, वाद्यांचे तुकडे असा सगळा प्रयोगच होता. त्यानंतर कारायाननं हळूहळू दिग्दर्शन आणि एडिटिंगही आपल्याच हातात घेतलं. बऱ्याच फिल्म्समधे आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवायचे आणि नंतर वादक कॅमेऱ्यासमोर त्यावर नुसते हात चालवायचे, म्हणजे आपल्या हिंदी सिनेमातली नायिका जसे ओठ हलवते अगदी तस्संच. एकदा हे कळलं की ती फिल्म पुन्हा निरागसपणे बघता येत नाही, कुठे गज अर्ध्या क्षणानं मागे पडतोय तेच शोधत बसतो आपण. कारायान डोळे मिटून संचालन करायचा. हॉलमधे ते चालून जातं पण क्लोजअपमधे मिटलेले डोळे म्हणजे एकदम समाधीच, काहींना ते भव्य वाटतं, मला थोडं जास्तच वाटतं. सगळे गज एका रेषेत, सगळ्या बासऱ्या एका कोनात, आणि मधे तो. 1982 मधे त्यानं यासाठी टेलेमाँडियल नावाची स्वतःची कंपनीच काढली, आणि 16 जुलै 1989 ला तो राहत्या घरी वारला तेव्हा सोनी कंपनीचे नोरिओ ओगा त्याला भेटायला आलेले होते.

याच्या बरोबर उलटा गडी म्हणजे अमेरिकन संचालक लेनर्ड बर्नस्टाइन. 1958 ते 1972 या काळात त्यानं न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन मुलांसाठी टीव्हीवर 53 कार्यक्रम केले, पियानोवर बसून समजावून सांगायचं आणि मग शंभर माणसांकडून वाजवून दाखवायचं. नंतर हम्फ्री बर्टन या इंग्रज दिग्दर्शकाबरोबर माहलरच्या सिंफनी चित्रित केल्या, प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर, घाम, उड्या, रडं, सगळं तसंच ठेवून. त्याचा एक छोटा तुकडा प्रत्येकानं बघावा असा आहे: व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाबरोबर हायडनच्या 88 व्या सिंफनीचा शेवटचा भाग, तो दुसऱ्यांदा वाजवताना बर्नस्टाइन हात हलवतच नाही, नुसत्या भुवया, ओठ आणि खांदे, आणि वाद्यवृंद बिनचूक चालतो. गाणाऱ्यानं नुसतं बघितलं आणि तबलजी समेवर आला, हे आपल्याकडे रोजचं आहे, पण तिकडे एका नजरेवर साठ-सत्तर माणसं येतात.

पडद्यामागची पद्धत थोडक्यात अशी. दिग्दर्शक आधी स्वरलिपी, म्हणजे स्कोर, घेऊन बसतो आणि कुठल्या मात्रेला कुठला कॅमेरा हे लिहून काढतो. प्रत्यक्ष मैफलीत कंट्रोल रूममधे एक जण स्कोर वाचत मोठ्यानं मात्रा मोजत असतो, कारण ओबो या फुंकवाद्याची चार सुरांची जागा येऊन गेली आणि कॅमेरा तेव्हा व्हायोलिनवर राहिला तर ती गेलीच. म्हणून इथे दिग्दर्शकाला सिनेमा येऊन भागत नाही, स्कोर वाचता यायलाच लागतो. आणि यातूनच जुना वाद निघतो की कॅमेरा ज्याच्यावर जातो तेच वाद्य कानाला मोठं लागतं, तर मग बघणाऱ्यानं ऐकलं काय, सिंफनी की दिग्दर्शकाचं मत? मला विचाराल तर नवख्या माणसाला ही बोट धरून केलेली मदत हवीच असते.

वडोदऱ्याला हा विषय वाटतो तेवढा परका नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1886 मधे गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, तिचंच पुढे विद्यापीठाचं संगीत महाविद्यालय झालं. मौलाबक्षांनी स्वतः स्वरलिपी बसवली आणि त्यांचे चिरंजीव लंडनला जाऊन पाश्चात्य संगीत शिकून आले. संस्थानात फ्रेडिलिस नावाचे युरोपियन संगीत अधिकारी होते, त्यांनी देशी वाद्यांचा वाद्यवृंद उभा करायचा घाट घातला. 1916 ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही भातखंड्यांच्या पुढाकारानं इथेच भरली. म्हणजे अनेक वाद्यं, कागदावर लिहिलेलं संगीत आणि पुढे उभा एक माणूस, हे दृश्य या गावानं शंभर वर्षांपूर्वीच बघितलंय. फक्त ते रुजलं नाही, मन रमलं ते आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांच्या गाण्यात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही.

त्यामुळे दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी माणसाला पुरा सिंफनी वाद्यवृंद बघायचा तर मुंबई गाठायला लागते, तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, बाकी पडदाच. आमच्या घरी पहिल्यांदा अशी डिस्क लावली तेव्हा पहिला भाग संपल्यावर मोठ्यांनी सवयीनं "वाहवा" म्हटलं आणि पडद्यावर बघतो तर दोन हजार माणसं ढिम्म, टाळी नाही, फक्त साठवलेला खोकला. चारही भाग झाल्याशिवाय टाळी वाजवायची नाही हा तिकडचा रिवाज आम्ही असा शिकलो.

भारतीयांच्या ओळखीचा चेहरा अर्थात झुबिन मेहता (जन्म 1936, मुंबई). वडील मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभा केलेला, मुलगा व्हिएन्नात शिकला आणि लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, इस्राएल इथले वाद्यवृंद त्यानं सांभाळले. कॅमेरा आणि मेहता यांचं जमतंही छान. 7 जुलै 1990 ला रोममधे काराकालाच्या अवशेषांत पाव्हारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन गायक एकत्र आले तेव्हा संचालन त्यांचंच होतं, 1994 मधे सारायेव्होत जळून गेलेल्या ग्रंथालयात मोझार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, आणि 7 सप्टेंबर 2013 ला श्रीनगरच्या शालिमार बागेत जर्मनीतल्या बव्हेरियाचा वाद्यवृंद घेऊन बीथोव्हनची पाचवी सिंफनी. तिन्ही ठिकाणी जागा हेच अर्धं चित्र आहे, शालिमारची मैफल तर दूरदर्शनवर बघताना चिनार बघावेत की सेलो वाजवणारे असं झालं होतं, आणि तिच्यावरून काश्मिरात विरोधही बराच झाला.

सगळ्यात जास्त बघितली जाणारी मैफल व्हिएन्ना फिलहार्मोनिकची नववर्षाची. ती 1959 पासून टीव्हीवर आहे आणि आता नव्वदाहून जास्त देशांत दिसते. मेहतांनी ती 1990, 1995, 1998, 2007 आणि 2015 अशी पाच वेळा केली. 1989 आणि 1992 च्या कार्लोस क्लायबर या संचालकानं केल्या, आणि संचालक नाचतोय की वाहतोय असा प्रश्न पडावा इतक्या त्या देखण्या आहेत. शेवटी राडेट्स्की मार्च ही रचना वाजते तेव्हा संचालक वादकांना सोडून श्रोत्यांकडे वळतो आणि त्यांच्या टाळ्यांचं संचालन करतो, म्हणजे एकदाचा तो हॉलमधल्यांनाही समोरून दिसतो.

बर्लिनच्या वाद्यवृंदानं 2008-09 पासून इंटरनेटवर स्वतःचं डिजिटल सभागृह चालवलंय, पैसे भरून थेट मैफल बघायची. फक्त तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि थंडीत साडेबारा, त्यामुळे नोकरदार माणसाला रेकॉर्डिंगच बरं. व्हिएन्नाची नववर्षाची मात्र सोयीची आहे, 1 जानेवारीला दुपारी पावणेचारला लागते, चहाच्या वेळेला, तेव्हा उत्तरायणाच्या पतंगांचा कालवा गच्चीवर सुरू झालेला असतो आणि टीव्हीचा आवाज जरा वाढवावा लागतो.