हुतात्मा एक्सप्रेस आणि फेस्टिवलचे पिक्चर

दर जानेवारीत आमच्याकडं एकच पंचाईत होते. इकडं सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि साधारण त्याच दिवसांत तिकडं पुण्यात पिफ, म्हणजे पुणे इंटरनॅशनल फिल्म फेस्टिवल. मग ग्रुपवर कुणीतरी लिस्ट टाकतं, ह्या वर्षी हे हे अवॉर्डवाले पिक्चर बघायलाच पाहिजेत म्हणून, आणि खाली लगेच कुणीतरी विचारतंच, "पण सोलापुरात लागणार का बे?" उत्तर सगळ्यांना माहीत असतं. म्हणून सकाळची हुतात्मा पकडायची, दोन पिक्चर कसेबसे बघायचे आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत.

ह्या येण्याजाण्यात एक गोष्ट लक्षात आली. ह्या फेस्टिवलवाल्या मराठी पिक्चरची हिस्ट्री आपण परदेशात शोधत बसतो, ती अर्धीअधिक ह्याच रूळावर सापडते.

पुण्यापासनं सुरू करू. 1936 साली प्रभात फिल्म कंपनीनं 'संत तुकाराम' काढला, दामले-फत्तेलालांचा, आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसला जाऊन नावाजला गेला. व्हेनिस म्हणजे जगातला सगळ्यात जुना फिल्म फेस्टिवल, 1932 पासनंचा. गंमत अशी की तो पिक्चर इकडं पब्लिकनं पण डोक्यावर घेतला होता, म्हणजे 'फेस्टिवलचा' आणि 'लोकांचा' अशी वाटणी तेव्हा झालीच नव्हती. ती नंतर झाली. 1952 ला भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव मुंबईत भरला, तिथं इटलीचे साधे, रस्त्यावर शूट केलेले पिक्चर आपल्या लोकांनी पाहिले, सेट नाही की स्टार नाही. 1960 ला सरकारनं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, म्हणजे मोठ्या शेठकडं न जाता कर्ज काढून पिक्चर करता येईल अशी सोय. त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. 'इंडिपेंडंट' वगैरे शब्द आपण आत्ता आत्ता वापरायला लागलो, पण मुद्दा तेव्हापासनं तोच आहे, पैसा कुणाचा आणि मग शब्द कुणाचा चालणार.

पुण्याहून निघालं की दौंड. इथं डॉ. जब्बार पटेलांचा दवाखाना होता. जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापुरात हरीभाई देवकरणला, पुढं लहान मुलांचे डॉक्टर झाले आणि प्रॅक्टिस करता करता नाटकं बसवायची. त्यांचा पहिला पिक्चर 'सामना', निर्माते रामदास फुटाणे, लिहिलेला तेंडुलकरांनी, आणि 1975 ला तो डायरेक्ट बर्लिन फेस्टिवलच्या मेन स्पर्धेत. विषय काय तर साखर कारखान्याचा चेअरमन आणि गावातनं गायब झालेला एक माणूस, मारुती कांबळे. आता साखरेचं राजकारण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत पण तोच विषय असतो. निळू फुल्यांचा तो चेअरमन हिंदुराव बघताना आम्हाला तो ॲक्टिंग करतोय असं वाटतच नाही. हेच जब्बार पटेल पुढं पिफचे डायरेक्टर झाले आणि पिफमध्ये मराठी पिक्चरला जो अवॉर्ड मिळतो त्याचं नाव 'संत तुकाराम'.

मधली बरीच वर्षं मी इथं सोडून देतोय, कारण मराठीत तेव्हा धमाल कॉमेडीचंच राज्य होतं (ते पण आवडीनं बघितलेत, खोटं कशाला बोलू). 2004 ला 'श्वास' आला आणि त्यानं सुवर्णकमळ आणलं, म्हणजे देशातल्या सगळ्यात चांगल्या पिक्चरचं नॅशनल अवॉर्ड. 'श्यामची आई'ला पहिल्याच वर्षी, म्हणजे 1954 ला मिळालं होतं, त्यानंतर डायरेक्ट हाच, मधे पन्नास वर्षं गेली. ऑस्करला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती तेव्हा.

दौंडच्या पुढं भिगवण, आणि मग जेऊर. नागराज मंजुळेंचं गाव. नगरला शिकत असताना केलेल्या 'पिस्तुल्या' ह्या शॉर्ट फिल्मला त्यांना नॅशनल अवॉर्ड मिळालं, मग 2013 ला 'फँड्री'. त्यातला जब्या म्हणजे सोमनाथ अवघडे, तो केमचा, आणि केम पण ह्याच लाईनवर, जेऊरच्या थोडंसं पुढं. बेस्ट चाइल्ड आर्टिस्टचं नॅशनल अवॉर्ड त्या पोराला. फँड्री हा शब्द कैकाडी भाषेतला, अर्थ डुक्कर. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी निदान तो एक सीन बघाच, सगळं घर मिळून डुक्कर धरायच्या बेतात असतं आणि शेजारच्या शाळेतनं राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा, मग बाकीचे पण जागच्या जागी उभे, आणि डुक्कर आपलं चाललंय. मी बघितला तेव्हा थेटरात आधी हसू आलं आणि मग एकदम शांतता.

त्यानंतर लाईनच लागली. 'कोर्ट'ला 2014 ला व्हेनिसमध्ये दोन अवॉर्ड, 'किल्ला'ला बर्लिनमध्ये लहान मुलांच्या ज्यूरीचा क्रिस्टल बेअर, 2023 ला 'स्थळ' टोरांटोत आणि 2025 ला 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलचं ग्रँड ज्यूरी अवॉर्ड. 'सैराट' पण बर्लिनला जाऊन आलाय हे लोक विसरतात, कारण नंतर त्याचे शंभर कोटीच लक्षात राहिले, पण अकलूजची रिंकू आणि करमाळ्याचा तो सगळा परिसर आधी बर्लिनच्या पडद्यावर दिसला आणि मग आमच्या.

आता हे सगळं असून पिक्चर इथं लागत का नाही? पूर्वी रिळांच्या पेट्या असायच्या, प्रत्येक प्रिंटचा खर्च वेगळा, त्यामुळं छोट्या निर्मात्याला चार शहरांच्या पुढं झेपायचंच नाही. आता डिजिटलमुळं ती अडचण राहिली नाही, पण शो मिळतो तो सकाळी दहाचा किंवा दुपारच्या उन्हातला, पहिल्या आठवड्यात माणसं आली नाहीत की शुक्रवारी बोर्ड उतरतो. एकदा मी आणि मित्र असाच एक अवॉर्डवाला पिक्चर बघायला गेलो तर काउंटरवर म्हणाले, पाच तिकिटं झाल्याशिवाय शो लावणार नाही. आम्ही दोघंच. मित्र म्हणाला तीन तिकिटं जास्तीची काढू, आणि काढली पण. मधल्या रिकाम्या खुर्चीवर शेंगाचटणी-भाकरीचा डबा ठेवून पिक्चर बघितला.

गेल्या खेपेला परतीच्या गाडीत समोर एक काका होते, कुर्डुवाडीला उतरणारे. पिफचा पास माझ्या गळ्यातच राहिलेला, तर विचारलं, "कशाचं कार्ड हाय हे?" मी सांगायला लागलो, फेस्टिवल, परदेशी पिक्चर, जब्बार पटेल, सामना. बर्लिनचं त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. पण सामना म्हटल्याबरोबर पुढं सरकून बसले आणि डब्यातल्या निम्म्या लोकांनी वळून बघावं अशा आवाजात म्हणाले, "मारुती कांबळेचं काय झालं?"