पातळ पाते आणि कमानदार पाते: ताऱ्याच्या स्पाइकवरचे दोन वेगळे उपाय

परावर्ती दुर्बिणीतून व्याधासारखा तेजस्वी तारा पाहिला की त्याच्याभोवती फुलीच्या आकारात चार प्रकाशरेषा दिसतात. या ‘स्पाइक’ घालवण्यासाठी दोन उपाय एका दमात सुचवले जातात: दुय्यम आरसा धरणाऱ्या स्पायडरची पाती पातळ करावीत, किंवा ती वाकवून कमानदार करावीत. दोन्हींमुळे रेषा नजरेआड होऊ लागतात, म्हणून दोन्हींचे काम एकच आहे, असा समज मराठवाड्यात घरी दुर्बीण बांधणाऱ्यांच्या गप्पांतही भेटतो. प्रत्यक्षात पातळ पाते वाट सोडून गेलेला प्रकाश कमी करते, तर कमानदार पाते तो केवळ पांगवते.

प्रकाशाच्या वाटेत सरळ पाते आले की विवर्तनामुळे (अडथळ्याच्या कडेशी प्रकाश वळण्यामुळे) काही प्रकाश त्या पात्याशी काटकोन करून दोन्ही बाजूंना फेकला जातो. चार पाती फुलीत बसवली असतील तर समोरासमोरच्या पात्यांच्या रेषा एकमेकींवर पडतात आणि चारच दिसतात. तीन पात्यांच्या स्पायडरमध्ये अशी जुळणी होत नाही, त्यामुळे तेथे सहा दिसतात.

आता 200 मिलिमीटर व्यासाचा मुख्य आरसा आणि 50 मिलिमीटरचा दुय्यम आरसा घेऊ. प्रत्येक पाते 75 मिलिमीटर लांब आणि 1 मिलिमीटर जाड असेल तर चारही पाती मिळून 300 चौरस मिलिमीटर, म्हणजे मुख्य आरशाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे 1 टक्का जागा अडवतात. जाडी निम्मी केली की अडलेले क्षेत्र निम्मे होते आणि स्पाइकमधला एकूण प्रकाशही निम्म्यावर येतो. मात्र स्पाइकची लांबी जाडीच्या व्यस्त प्रमाणात असते. हिरव्या प्रकाशात 1 मिलिमीटरच्या पात्यामुळे ती ताऱ्याच्या प्रत्येक बाजूला सुमारे 2 कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), तर अर्ध्या मिलिमीटरच्या पात्यामुळे जवळपास 4 कलांची भरते. निम्मा प्रकाश दुप्पट लांबीवर पसरल्याने ताऱ्यालगतची रेषेची तेजस्विता चौथाईवर येते. टोके इतकी मंद होतात की ती डोळ्यांना जाणवत नाहीत, आणि वास्तविक लांबलेली स्पाइक आखूड झाल्यासारखी वाटते.

कमानदार पात्याचा न्याय वेगळा आहे. कमानीचा प्रत्येक छोटा तुकडा आपापल्या लंबदिशेला प्रकाश फेकतो, त्यामुळे रेषेऐवजी ताऱ्याभोवती मंद प्रभा तयार होते. ती सगळीकडे सारखी पडायची असेल तर कमानींच्या दिशा मिळून बरोबर 180 अंश भरल्या पाहिजेत, उदाहरणार्थ 60 अंशांच्या तीन कमानी किंवा 90 अंशांच्या दोन. हिशेब चुकला की काही दिशांना प्रकाश दाटतो आणि अर्धवट पंख्यासारखे चमत्कारिक आकार दिसतात. एकूण प्रकाश मात्र कमी होत नाही: पायलीभर ज्वारी एका ओळीत ओतली काय आणि अंगणभर पांगवली काय, पायली ती पायलीच. उलट कमान सरळ पात्यापेक्षा लांब असते (60 अंशांची सुमारे 5 टक्के, 90 अंशांची 11 टक्के), म्हणजे त्याच दोन टोकांमध्ये आणि त्याच जाडीत ती थोडा जास्तच प्रकाश बिघडवते.

शिवाय सरळ पाते दोन्ही टोकांना ताणून बसवता येते आणि या ताणामुळेच ते पातळ असूनही आरसा घट्ट धरते. कमानीला असा ताण देता येत नाही; तिला स्वतःच्या ताठपणावर उभे राहावे लागते आणि त्यासाठी बहुधा जाडी वाढवावी लागते. हार्डवेअरच्या दुकानातले हॅक्सॉ ब्लेड सरळ पात्यासाठी चांगले चालते, मात्र त्याचे दात दोन्ही बाजूंना झुकवलेले असल्याने ते घासून काढल्याशिवाय पातळपणाचा फायदा पदरात पडत नाही. बसवताना होणारा तिरकसपणा तर याहून नडतो. प्रकाशाच्या दिशेने 25 मिलिमीटर खोल असलेले पाते 2 अंशांनी जरी कलले, तरी ते जवळपास 0.9 मिलिमीटर जादा जागा अडवते. अर्ध्या मिलिमीटरचे पाते विकत घेऊन ते वाकडे बसवणे म्हणजे जाड पाते वापरण्यासारखेच आहे, आणि माझ्या मते कमानीचा विचार करण्याआधी प्रत्येकाने नळीच्या तोंडातून डोकावून एवढे तपासावे.

गुरूवरचे पट्टे अधिक स्पष्ट दिसावेत म्हणून कमानी बसवण्यात फारसा अर्थ नाही. वरच्या उदाहरणातला दुय्यम आरसाच 6 टक्क्यांहून अधिक क्षेत्र झाकतो. त्यापुढे पात्यांचा वाटा किरकोळ आहे. कमानी उपयोगी पडतात त्या तेजस्वी ताऱ्याचा मंद जोडीदार नेमका स्पाइकखाली दडतो तेव्हा. सिरियस बी हा व्याधाचा जोडीदार व्याधापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद आहे, तेव्हा तो रेषेवर आला की संपलेच. मात्र डॉब्सोनियन दुर्बिणीत (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या बैठकीवरच्या) स्पाइकची दिशा नळीशी बांधलेली असते आणि आकाश तिच्या सापेक्ष फिरत राहते. बीडच्या अक्षांशावरून व्याध मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) सुमारे 54 अंश उंचीवर येतो आणि त्या सुमारास हे फिरणे तासाला 24 अंशांच्या आसपास असते, त्यामुळे फुलीच्या स्पाइकखाली झाकलेला जोडीदार तासाभरात दोन स्पाइकमधल्या मोकळ्या जागेत सरकलेला असतो. हवा स्थिर असेल तर त्या वेळी तो सरळ पात्यांच्या दुर्बिणीतूनही शोधता येतो.