‘मंग मलेच काहून?’

स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी आम्ही भरत होतो त्या प्रश्नावलीत एक साधा प्रश्न होता : पहिलं मूल झालं तेव्हा तुमचं वय काय होतं? नरखेडकडून आलेली ती मावशी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. तिला जन्मतारीख ठाऊक नव्हती, लग्नाचं सालही आठवत नव्हतं. मग एकदम म्हणाली, "मोवाडचा पूर आला ना जी, तवा मोठा पोट्टा पोटात होता."

मोवाडचा पूर म्हणजे जुलै 1991. एक खुंटी सापडली, आणि बाकीचं तिच्याभोवती लागत गेलं. लग्न पुराच्या दोन उन्हाळे आधी. पाळी आली ती मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या साली. धाकटी मुलगी तीन वर्षांची होईस्तोवर अंगावर पीत होती. नागपुरातल्या त्या कर्करोग ओपीडीच्या बाकावर बसून, बोटं मोजत, आम्ही दोघींनी तिचं आयुष्य फॉर्मवर उतरवलं. बायकांना साल आठवत नाही, पण पूर, दुष्काळ, घरातलं मरण पक्कं आठवतं. मुलाखती घेणाऱ्याला गावाचं हे कॅलेंडर पाठ असावंच लागतं.

फॉर्म संपला. कागद आवरताना तिने माझा हात धरला. "तंबाखू नाही, खर्रा नाही, कोनाचं वाईट नाही केलं. मंग मलेच काहून?"

या प्रश्नाचं खरं उत्तर देता येत नाही, हे मी तिला तेव्हाही सांगितलं. पण त्याच्या शेजारचा एक प्रश्न आहे, कोणत्या बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो आणि का, त्याचं उत्तर शोधायला तीनशे वर्षं लागली आहेत. या शास्त्राला मराठीत साथरोगशास्त्र म्हणतात. नाव थोडं फसवं आहे. कर्करोग साथीने येत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. कोणता आजार कुठे, कोणाला, किती होतो हे मोजणारं हे शास्त्र.

1713 च्या सुमारास इटलीतल्या पदुआचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी लिहून ठेवलं, की मठात राहणाऱ्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा होता, निरीक्षण मात्र खरं ठरलं. त्याची नीट मोजदाद व्हायला 1926 साल उजाडलं. जॅनेट लेन-क्लेपन या इंग्लिश डॉक्टरबाईंनी स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे 500 बायका घेतल्या, तो न झालेल्या तेवढ्याच बायका घेतल्या, आणि दोन्हीकडे तेच प्रश्न विचारले. लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का? रुग्ण गटात लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी झालेली आणि अंगावर पाजणंही कमी होतं. आम्ही नागपुरात भरत होतो तो फॉर्म या प्रश्नांचाच वंशज.

‘आजार न झालेल्या’ बायका कशाला, असं ओपीडीत मला कितीदा तरी विचारलं गेलं. समजा, 100 रुग्णांपैकी 60 जणींना पहिलं मूल उशिरा झालं. हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. त्याच वयाच्या, त्याच भागातल्या 100 निरोगी बायकांतही 60 जणींना उशिरा झालं असेल, तर ती फक्त त्या भागातली रीत. निरोगी बायकांत ते 30 जणींनाच असेल, तर मात्र धागा हाती लागला. रुग्ण मिळवणं सोपं असतं. तुलनेसाठी योग्य बाई मिळवणं हेच या कामातलं खरं कसब आहे.

आणि आठवण धोका देते. रुग्ण बायका हमखास सांगायच्या : गाईनं शिंग मारलं होतं, लेकराचं डोकं छातीवर आपटलं होतं, नंतर गाठ आली. निरोगी बाईला विचारलं तर ती म्हणायची, काही नाही लागलं. लागलेलं दोघींनाही असतं. पण जिला गाठ आहे ती रात्र रात्र जागून कारण शोधत असते, म्हणून तिला आठवतं. मार लागल्याने कर्करोग होत नाही. बरेचदा दुखतं म्हणून हात जातो आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. ब्रा घट्ट बांधल्यानेही होत नाही, मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवल्याने होतो याला पुरावा नाही, आणि नजर लागून तर नाहीच.

मग मुलांचा आणि या आजाराचा संबंध काय? वयात आल्यावर स्तनातल्या पेशी दर पाळीला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या भरतीओहोटीतून जातात, वाढतात, विभागतात. प्रत्येक विभाजनात चूक व्हायची थोडी शक्यता असते. दूध तयार करणाऱ्या पेशी पूर्णपणे पक्व होतात त्या पहिल्या पूर्ण दिवसांच्या गरोदरपणात आणि पाजताना. पाळी लवकर आली, पहिलं मूल उशिरा झालं किंवा झालंच नाही, रजोनिवृत्ती उशिरा आली, तर पेशींच्या वाट्याला असे फेरे जास्त येतात. 2002 मध्ये 30 देशांतले 47 अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात आजार झालेल्या 50 हजार आणि न झालेल्या सुमारे 97 हजार बायका होत्या. दर बाळंतपणामागे जोखीम 7 टक्क्यांनी कमी होते, आणि अंगावर पाजण्याच्या एकूण दर 12 महिन्यांमागे आणखी 4.3 टक्क्यांनी.

हे टक्के नीट समजून घ्यायला हवेत. समजा, एखाद्या गटात 1,000 बायकांपैकी 30 जणींना कधी ना कधी हा आजार होणार आहे. सगळ्यांनी वर्षभर जास्त पाजलं तर तो आकडा 29 च्या जवळ येतो. फायदा खरा आहे, पण तो कवच नाही. नरखेडच्या मावशीला तीन मुलं होती, तिन्ही अंगावर वाढलेली, तरी तिला आजार झालाच. जोखीम घटक हजार बायकांच्या गटाबद्दल बोलतो. एका बाईसमोर बसून ‘तुझं इथे चुकलं’ असं तो म्हणू शकत नाही, आणि कुणी त्याच्या नावाने तसं म्हणत असेल तर ते विज्ञान नव्हे.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हे आकडे हातात घेऊन ‘बघा, म्हणून पोरींची लग्नं लवकर करा’ म्हणणारे मला भेटले आहेत, त्यातले काही शिकलेसवरलेले. हा अतिशय वाईट निष्कर्ष आहे. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. शिवाय शिकलेली मुलगी गाठ लागली तर लवकर डॉक्टरकडे जाते. बदलता येण्यासारखं आहे ते वेगळं आहे. पाळी गेल्यावर शरीरातली चरबीच इस्ट्रोजेन तयार करत राहते, म्हणून उतारवयात वजन वाढलं की जोखीम वाढते. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात भारतीय बायकांमध्ये पोटाभोवतीचा घेर विशेष महत्त्वाचा दिसला, पाळी चालू असो वा गेलेली. वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप उपयोगी आहे. दारू थोडीही जोखीम वाढवते. रोजचं चालणं, अंगमेहनत ती कमी करते. रजोनिवृत्तीनंतरच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांचा धोका 2002 मध्ये अमेरिकेतल्या 16 हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचणीत उघड झाला. त्या गोळ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्याव्यात.

‘आमच्या घराण्यात कोनालेच नव्हता’ हे वाक्यही रोज ऐकलं. बीआरसीए 1 आणि 2 यांसारख्या जनुकांतून वारशाने येणारा आजार एकूण रुग्णांत 5 ते 10 टक्केच असतो. घरात कुणालाच नसणं हीच रुग्णांची नेहमीची गोष्ट आहे.

मोजणी आपल्याकडेही जुनी आहे. देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत 1963 मध्ये सुरू झाली, नागपूर शहराची 1980 मध्ये. 1987 पासून बार्शीच्या ग्रामीण भागातही नोंदी होत आल्या आहेत. म्हातारी माणसं जास्त असलेल्या शहरात कर्करोग जास्त दिसणारच, म्हणून वयाचा फरक काढून टाकून दर मांडतात. तसं करूनही मोठ्या शहरांतल्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर येतो आणि बार्शीच्या खेड्यांत त्याचा दर पुष्कळ कमी दिसतो. उशिरा मूल, कमी मुलं, बैठं काम, वाढलेलं वजन या गोष्टी शहराबरोबर येतात. नरखेड, काटोल, उमरेडही आता त्याच वाटेवर आहेत.

पण मला झोप लागू देत नाही तो आकडा वेगळाच आहे. 2022 च्या अंदाजानुसार जगात स्तनाच्या कर्करोगाचे 23 लाख नवे रुग्ण आढळले आणि 6 लाख 70 हजार मृत्यू झाले. भारतात नवे रुग्ण सुमारे 1 लाख 92 हजार, मृत्यू 98 हजार. आपल्याकडे नव्या रुग्णांच्या निम्म्याहून जास्त मृत्यू, जगात तिसऱ्या हिश्श्याहून कमी. हा फरक पाळी कधी आली यातून येत नाही. आपली बाई दवाखान्यात पोचते कधी, आणि पोचल्यावर उपचार पूर्ण होतात का, यातून येतो.

मुंबईत 1998 पासून 20 वर्षं चाललेल्या चाचणीने यावर मार्ग दाखवला. दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्या बायकांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, फक्त हाताने तपासणी केली. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे नाही, महागडं यंत्र नाही. या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. सगळ्या वयांचा एकत्र हिशेब केला तर मृत्यूंतली घट ठाम म्हणण्याइतकी नव्हती, पण पन्नाशी गाठलेल्या बायकांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असायचा : गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली? मावशी म्हणाली, "कापूस येचाच्या आंधी." आम्ही बोलत होतो तेव्हा उन्हाळा लागला होता. मधे वेचणी झाली, भाच्याचं लग्न झालं, हरभरा निघाला. इतके दिवस का थांबलीस, असं मी विचारलं नाही, पण तिने आपणहून सांगितलं, "दुखत नव्हती ना जी."

ही गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही. न दुखणारी गाठ, स्तनाचं आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्तासारखा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झालेली कातडी, काखेतली गाठ, यातलं एकही दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं. बहुतेक गाठी साध्याच निघतात. आणि काहीच दिसत नसलं तरी सरकारी आरोग्य कार्यक्रमात 30 वर्षांवरच्या बायकांसाठी स्तनांची तपासणी ठरवून दिलेली आहे. गावच्या आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका हाताने तपासते. जाताना शेजारणीलाही सोबत न्या.