अर्धवेळ पीएच.डी. आणि दूरस्थ पीएच.डी.: नोकरी करणाऱ्या शिक्षकांनी फरक कुठे पाहायचा

स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास निघतो: "सर, बाहेरून पीएच.डी. होते का हो?" विचारणाऱ्याच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक, नोकरी न सोडता, पगार चालू ठेवून केलेली पीएच.डी. दुसरी, घरी बसून, टपालाने किंवा मोबाइलवर आलेला अभ्यास वाचून, विद्यापीठात फारसं न फिरकता मिळवलेली. पहिली म्हणजे अर्धवेळ पीएच.डी. ती नियमात बसते आणि शिक्षणशास्त्रात अनेक नोकरदार शिक्षक ती करतात. दुसरी म्हणजे दूरस्थ पीएच.डी., आणि तिला भारतात परवानगीच नाही.

हा गोंधळ शिक्षकांच्याच बाबतीत इतका का होतो, याचं कारण त्यांच्या शिक्षणाच्या वाटेत आहे. डी.एड. करून कोवळ्या वयात नोकरीला लागायचं, मग पदवी बाहेरून, पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं सेवांतर्गत बी.एड., त्यानंतर मुक्त विद्यापीठातूनच शिक्षणशास्त्रात एम.ए. ही वाट हजारो शिक्षकांनी चालली आहे. त्यात कमीपणाचं काही नाही. मान्यताप्राप्त दूरस्थ अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीचीच धरली जाते. म्हणून पुढची पायरीही तशीच असणार असं वाटणं साहजिक आहे. पण एम.ए.पर्यंत चाललेली ही सोय पीएच.डी.च्या दारात संपते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २००९च्या नियमावलीतच दूरस्थ पद्धतीच्या पीएच.डी.वर बंदी घातली होती. सध्या लागू असलेली नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाली. तिच्यात ऑनलाइन पद्धतीचाही स्पष्ट उल्लेख करून दोन्ही वाटा बंद केल्या आहेत. त्याच नियमावलीत अर्धवेळ पीएच.डी.ला मात्र परवानगी आहे, बाकीच्या सगळ्या अटी पाळल्या तर. त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २०२२मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची नियामक संस्था) यांनी मिळून सूचना काढली होती: परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून काही शैक्षणिक कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्यांना मान्यता नाही.

इथे आणखी एक फसगत होते. इग्नूसारखं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासारखं) मुक्त विद्यापीठ पीएच.डी. देतं, मग ती दूरस्थच झाली ना? नाही. तिथलीही पीएच.डी. नियमित स्वरूपाची असते, पूर्णवेळ किंवा अर्धवेळ. विद्यापीठ कुठल्या प्रकारचं आहे यावरून पीएच.डी.चा प्रकार ठरत नाही.

'अर्धवेळ' या शब्दाने आणखी एक गैरसमज होतो, तो म्हणजे काम निम्मं. संशोधनाच्या कामात अर्धं काहीच होत नाही. पात्रता तीच: शिक्षणशास्त्रात एम.एड. किंवा एम.ए., साधारणपणे ५५ टक्के गुणांसह, आणि राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांसाठी ५ टक्के सवलत. प्रवेशासाठी विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, किंवा नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण, ज्या विद्यापीठाचं जे असेल ते. किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, म्हणजे संशोधनाआधीचा ठरलेला अभ्यासक्रम, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन-प्रकाशनातील नीतिमत्ता हे विषय चुकत नाहीत. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के मिळाले तरच पुढे जाता येतं. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून काय केलं ते सांगावं लागतं. शेवटी मार्गदर्शकाकडून आणि त्याशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडून प्रबंधाचं मूल्यमापन आणि खुली मौखिक परीक्षा. कालावधीही तोच: कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २, म्हणजे एकूण १० वर्षांपर्यंत. महिलांना या काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. घर, शाळा आणि प्रबंध अशा तिन्ही बाजू सांभाळणाऱ्या शिक्षिकांनी ही तरतूद नीट वाचून ठेवावी, कारण ती आपणहून कुणी सांगत नाही.

कोर्सवर्कमधले काही श्रेयांक यूजीसी-मान्य ऑनलाइन कोर्समधून पूर्ण करायला सल्लागार समिती सांगू शकते. तेवढ्याने पीएच.डी. ऑनलाइन होत नाही. जाहिरातवाले नेमका याच तरतुदीचा आधार घेऊन बोलतात, म्हणून सांगितलं.

मग अर्धवेळ संशोधकाच्या वाट्याला वेगळं असं काय येतं? मुख्य गोष्ट एका कागदात आहे: ना-हरकत प्रमाणपत्र. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत सर्वात कमी लक्ष याच कागदाकडे दिलं जातं. तुम्ही जिथे नोकरी करता तिथल्या सक्षम अधिकाऱ्याकडून ते विद्यापीठाला हवं असतं. खाजगी अनुदानित शाळेत ही वाट मुख्याध्यापक आणि संस्थेकडून जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशा टेबलांवरून अर्ज 'योग्य मार्गाने' वर सरकतो. २०२२च्या नियमावलीनुसार त्या प्रमाणपत्रात तीन गोष्टी लागतात: उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी त्याला कामातून मोकळं केलं जाईल.

आता आपल्याकडे परवानगीची पत्रं कशी निघतात ते आठवा. "शालेय कामकाजात कोणताही व्यत्यय येणार नाही या अटीवर परवानगी देण्यात येत आहे." या वाक्यात पहिली गोष्ट आली, दुसरी अर्धवट राहिली आणि तिसरी तर उलटीच झाली. नियम म्हणतो, लागल्यास मोकळं करू. पत्र म्हणतं, शाळेला झळ लागता कामा नये. असं पत्र घेऊन प्रवेश कदाचित होईलही, पण कोर्सवर्कच्या तारखा चालू सत्रात आल्या की शिक्षक मध्येच अडकतो. हातात रजा नाही, वर्गाला बदली शिक्षक नाही. म्हणून अर्जासोबतच या तीन मुद्द्यांचा मसुदा जोडावा आणि पत्राची भाषा तशीच यावी यासाठी पाठपुरावा करावा. कारकुनाला नवा मसुदा लिहायचा कंटाळा असतो, तयार मसुद्यावर सही घेणं सोपं जातं.

पूर्णवेळ आणि अर्धवेळ यांतला दुसरा फरक पैशाचा. पूर्णवेळ संशोधकाला नेट-जेआरएफसारखी अधिछात्रवृत्ती मिळू शकते. नोकरीचा पगार घेत असताना ती मिळत नाही. अर्धवेळ संशोधक शुल्क, प्रवास, छपाई हे सगळं पगारातूनच भागवतो.

पण एक गोष्ट अशी आहे की तिथे नोकरी करणारा शिक्षक पूर्णवेळ संशोधकाच्या पुढे असतो, आणि ती मला फार मोलाची वाटते. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरातली शाळा घ्या. मुलं घरी पावरी बोलतात आणि पहिलीत मराठी पाठ्यपुस्तक समोर येतं. बाहेरून आलेला संशोधक परवानगी काढून काही दिवस वर्गात बसेल, चाचणी घेईल, निघून जाईल. तिथला शिक्षक जूनपासून एप्रिलपर्यंत तीच मुलं पाहतो. कुठला मराठी शब्द कुठल्या महिन्यात मुलाच्या तोंडी आला, कोण आधी पावरीत उत्तर देऊन मग थांबतं, कोण शेजारच्याला विचारून घेतं, हे त्याच्या वहीत रोजच्या रोज नोंदवता येतं. असं साहित्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मिळत नाही. त्याची किंमतही त्याला मोजावी लागते: सल्लागार समितीच्या बैठकीसाठी धडगावहून जळगावच्या विद्यापीठात जाण्यायेण्यात दिवस मोडतो. शिवाय ज्या मुलांवर अभ्यास करायचा त्यांना गुण देणाराही तोच. म्हणून पालकांची संमती, मुलांची नावं न छापणं आणि निष्कर्ष दुसऱ्या कुणाकडून तपासून घेणं, हे अशा प्रबंधात आधीच ठरवून टाकावं लागतं.

दूरस्थ किंवा 'घरबसल्या' पीएच.डी. विकणाऱ्यांच्या बोलण्यात हे काहीच नसतं. ते वर्गाबद्दल विचारत नाहीत, ना-हरकत प्रमाणपत्राची गरज नाही म्हणतात, दोन वर्षांत पूर्ण करून देऊ म्हणतात. किमान ३ वर्षांचा नियम माहीत असला तर एवढ्यावरच फोन ठेवता येतो. कुठल्या विद्यापीठाचा, कुठल्या मार्गदर्शकाचा प्रस्ताव खरा आहे हे पाहायचं असेल तर शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार सर्वांना मोफत खुलं आहे आणि विद्यापीठांना प्रबंधाची डिजिटल प्रत तिथे द्यावी लागते. ज्या मार्गदर्शकाकडे जायचं त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचले तर विषयाची रीतही कळते आणि मार्गदर्शकाचीही.

हे सगळं कशासाठी करायचं, हेही आधी ठरवलेलं बरं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट, स्लेट या राज्यस्तरीय परीक्षा ही किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. म्हणजे केवळ महाविद्यालयात जाण्यासाठी सहा-आठ वर्षं घालवण्यापेक्षा सेटचा अभ्यास जवळचा. वर्गातला एखादा प्रश्न खरोखर छळत असेल, त्याचं उत्तर कुणीच नीट शोधलेलं नसेल, तर अर्धवेळ पीएच.डी.सारखी संधी शिक्षकाला दुसरी नाही.

मार्गदर्शक निवडताना त्यांचं निवृत्तीचं वर्ष अवश्य विचारा, संकोच करू नका. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. आधी नोंदणी झालेल्यांना ते निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून साथ देऊ शकतात, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक, अशी जागांची मर्यादा असते. अर्धवेळवाल्याला पूर्ण सहा वर्षं लागण्याची शक्यता जास्त, म्हणून ज्यांच्याकडे जागाही आहे आणि किमान सात-आठ वर्षांची सेवाही बाकी आहे अशांचीच नावं आपल्या यादीत वर ठेवा.